ओळखीचा रकाना

गेली सात वर्षं दर शनिवारी दुपारी तीन वाजता प्रोफे रेनेच्या जेवणघरात एक राज्य उभं राहायचं आणि सात वाजता ते गुंडाळून बुटांच्या खोक्यात जायचं. खोक्यात नकाशा होता, फासे होते, पेन्सिली होत्या आणि प्रत्येकाच्या पात्राचा कागद होता. कागदांच्या कडा हाताळून हाताळून कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. रेने शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे प्रोफे. खऱ्या जगाचा भूगोल मुलांना आवडत नाही म्हणून त्यांनी स्वतःचा एक बनवला होता: वर बर्फाचे डोंगर, मध्ये मिठाचं वाळवंट, खाली समुद्र. खेळ तेच चालवायचे. बाकी तिघं खेळायची.

त्या शनिवारी नेल्मा खेळायला बसली ती हरायचं ठरवूनच. दोन आठवडे तिनं याची तयारी केली होती. जिंकायची तयारी सगळेच करतात. हरायच्या तयारीला जास्त अक्कल लागते.

मे महिन्यात तिची आई गेली. तिची आई, देमेत्रिया, तीस वर्षं गल्लीतल्या गजर करणाऱ्या चर्चमध्ये जायची. नोव्हेंबरात मेलेल्यांच्या जेवणासाठी मेज मांडणं, पावाच्या बाहुल्या करणं, हे सगळं तिच्या लेखी सैतानाची खेळणी. घरात कधी काही मांडलं नाही की कुणाच्या मेजापुढे प्रार्थना करायला गेली नाही. आणि तीच आई इस्पितळात, जायच्या चार दिवस आधी, नळ्यांमधून हात सोडवून म्हणाली, "नोव्हेंबरात माझ्यासाठी मांड."

नेल्मा म्हणाली, "हो, आई."

कसं मांडू, हे विचारायचं राहिलं. नोव्हेंबर लांब होता आणि आई समोर होती. दोन्ही तशीच राहतील असं तेव्हा वाटलं.

मग ऑक्टोबर उजाडला आणि बासिलिया मावशीचा गावाहून फोन आला. मावशीनं अठ्ठावीस वर्षं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आजोबा याच घरात वारले, म्हणजे मेज याच घरात मांडायचं, आणि आईनं मांडलं नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. "माझ्या बापाला तिनं उपाशी परत पाठवलं," एवढं एकच वाक्य मावशी बोलली होती, आणि मग दोघी बहिणी बोलल्याच नाहीत. मेच्या मातीला मावशी आली, पण दारातूनच गेली.

"मांडणार आहेस म्हणे," मावशी फोनवर म्हणाली.

"आईनं सांगितलंय, मावशी. पण मला ते कसं..."

"मग मांड. लेकीनं मांडायचं असतं, बहिणीनं नाही. मी येईन प्रार्थनेला. मांडलं असलंस तर कळेल, नसलंस तरी कळेल." आणि फोन ठेवला. मावशीचा फोन असाच असायचा, दार आपटल्यासारखा.

नेल्मानं बाजारात पाववालीला विचारलं. पाववाली म्हणाली, "तुमच्याकडे जसं करतात तसं करा, सेन्योरा." ऊसवालीनं विचारलं, "तुमच्याकडे दोन ठेवतात की चार?" फोनवर सहा चित्रफिती पाहिल्या, सहाही मेजं वेगळी. प्रत्येक डोंगराची रीत निराळी, आणि प्रत्येक जण हसून तेच सांगायचा: तुमच्याकडे जसं करतात तसं. आमच्याकडे काही करतच नव्हते हो, हे कुणाला सांगणार? चेहरा तिचा डोंगरातला, आडनावही तिकडचं, तिकोना. चौदा वर्षं ती दातांच्या कवळ्या बनवत होती. कुणाच्या तोंडात काय बसत नाही हे तिला लांबून कळायचं. हे वाक्य कुणाच्याच तोंडात बसणारं नव्हतं.

एका माणसाला मात्र सगळं माहीत होतं. फाब्रिसियोला. तो शहराच्या दक्षिणेच्या श्रीमंत वस्तीतला, उंच, गोरा, घरात मोलकरणींची रांग असलेला. पण बारा वर्षं आवाज मुद्रित करायचं यंत्र खांद्यावर टाकून डोंगरातली गावं पालथी घातलेला. नेल्माला आयमारा भाषेत शिव्या आणि भाज्या एवढंच यायचं. फाब्रिसियो त्या भाषेत म्हाताऱ्यांशी भांडू शकायचा.

त्याला सरळ विचारावं? विचारलं होतं. दोन शनिवार आधी, जिन्यात.

"फाब्रि, त्या नोव्हेंबरच्या मेजाचं... काय काय असतं रे?"

फाब्रिसियोनं दोन्ही हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे. "नेल्मा, मी कोण सांगणारा? एकदा एका सभेत मी बोललो यावर, तर एक बाई उठून म्हणाली, गोऱ्या पोरा, माझ्या आईचं मरण मला शिकवू नकोस. त्या दिवसापासून कान धरले. मी फक्त ऐकतो. तुझ्याकडून शिकेन मी, शिकवशील तेव्हा."

इतका नम्र माणूस. भिंतीला निदान टेकता तरी येतं.

म्हणून मग खेळ. रेनेच्या टेबलाचा एक कायदा होता: जिंकणाऱ्यानं नुसतं जिंकलो म्हणून भागायचं नाही, आपण ते कसं केलं ते बारीकसारीक सांगायचं, हरणाऱ्यानं गप्प ऐकायचं. नेल्मानं प्रोफेंच्या कानात सोडलं की दिवस मेलेल्यांचे आहेत, तर राज्याची मीठराणी मरू दे, आणि तिच्या जीवाला जेवायला बोलावण्याची चुरस होऊ दे. ज्याच्या मेजावर ती येईल, त्याला ती सांगेल गादी कुणाची. प्रोफे इतके खूश झाले की त्यांनी राणीला तापानं मारलं, आणि त्या तापाला नावही दिलं.

चुरस नेल्माच्या सारुमात आणि फाब्रिसियोच्या दार्कोत. सारुमा डोंगरातली मृतांना हाक मारणारी; दार्को समुद्राकाठचा मीठव्यापारी, ज्याला राणीनं मुलगा मानलं होतं. दार्को जिंकला की फाब्रिसियोला सगळं सांगावंच लागणार, खेळ म्हणून. खेळात कुणी कुणाला शिकवत नाही. नेल्मा ऐकणार, आणि घरी जाऊन तसंच मांडणार. इतकं सोपं.

रेनेनी जांभळ्या मक्याची वाफाळलेली आपी पेल्यांत ओतली, मिर्थानं चीज भरलेल्या तळलेल्या पुऱ्या मध्यभागी ठेवल्या आणि दोन बोटांनी सगळ्यात फुगलेली स्वतःकडे ओढली. मिर्था टपाल कचेरीत होती. तिचं पात्र एक चोर होतं, आणि ती स्वतःही फारशी वेगळी नव्हती.

"तर मग," रेने म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मेज मांडलंय. कसब सांगा."

"सहा," फाब्रिसियो म्हणाला.

"पाच," नेल्मा म्हणाली. आतापर्यंत सगळं ठीक होतं.

"आता ओळखीचा रकाना."

सात वर्षं हा रकाना तिच्या कागदावर होता. ज्या लोकांत काम करायचं ते आपले असतील तर शून्य. शेजारचे असतील तर उणे दोन. परके असतील तर उणे चार, मग कसब कितीही असो. कारण, प्रोफे म्हणायचे, हात तोच असला तरी परक्या घरात पेला कुठे ठेवायचा हे त्या हाताला कळत नाही. तिनं सगळा हिशेब केला होता आणि नेमकं हेच विसरली होती. विसरायचं कारण एकच. सारुमाच्या कागदावर तो आकडा तिनं लिहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी रेनेनीच तिच्या खांद्यावरून वाकून शून्य काढलं होतं. "तुला काय विचारायचं, नेल्मा? तू तर तिथलीच."

"मेजाची रीत डोंगराची, म्हणून दार्कोला उणे चार," रेने म्हणाले. "सारुमा शून्य."

"प्रोफे," नेल्मा म्हणाली, "मलाही उणे चार करा."

मिर्थाची पुरी हवेतच थांबली. "परीक्षेत स्वतःहून नापास मागणारी पहिलीच बाई बघतेय मी."

"खरंच. सारुमा लहानपणीच शहरात आली असं धरा. तिला रीत माहीत नाही."

"सात वर्षं हाका मारतेय मेलेल्यांना, आणि रीत माहीत नाही?" रेने हसले. "अगं, तू त्याला सूट देतेयस. फाब्रिसियोला हरणं सोसत नाही म्हणून?"

"मला सोसत नाही?" फाब्रिसियो म्हणाला.

"तू हरलास की आठवडाभर तोंड पाडून असतोस."

"मला माहीत नाही, प्रोफे," नेल्मा म्हणाली. ती हे खरं बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "मला खरंच माहीत नाही कसं मांडतात."

मग रेनेनी तिच्या मनगटावर हात ठेवला, अगदी हळुवार. "सांगायचं नसेल तर सगळं नको सांगूस. काही गोष्टी घरातल्या असतात. आम्हाला कळतं." फाब्रिसियोनं मान खाली घालून दुजोरा दिला. मिर्थासुद्धा चावायची थांबली.

इतका मान नेल्माला आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि त्यात बुडून मरायची वेळ आली होती.

फासे पडले. फाब्रिसियोचे दहा. नेल्माचे नऊ. त्याचे सहा आणि दहा सोळा, त्यातून चार गेले, बारा. तिचे चौदा. ते उणे चार नसते तर तो दोनानं जिंकला असता. ती फाशांकडे बघत राहिली, जणू ते पुन्हा कूस बदलतील.

"राणी सारुमाच्या मेजावर येते," रेने म्हणाले. आवाज त्यांनी राज्यातला लावला होता. "बोल, सारुमा. तिला काय दिसतं?"

नेल्मा बोलायला लागली. चित्रफितीतलं आठवलं तेवढं बोलली. काळं कापड. ऊस कमानीसारखे बांधलेले. जीवाला उतरायला पावाची शिडी. पाणी न्यायला फुलं आलेला कांद्याचा देठ. मेणबत्त्या. मध्ये राणीचं चित्र, पुढे ताट, ताटात तिला आवडायचं ते.

फाब्रिसियोनं वही काढली होती. तो खरंच लिहीत होता. मध्येच त्याची पेन्सिल थांबली.

"एकच ताट?" त्यानं विचारलं. "म्हणजे मी जिथं जिथं पाहिलंय, तिथं जुन्या..."

"फाब्रिसियो," रेनेनी बोट उगारलं. "तुझ्या दार्कोला उणे चार आहेत. तो समुद्राकाठचा आहे. त्याला इथं मत नाही."

"अरे हो. माफ कर, नेल्मा. तुमच्या गावचं वेगळं असणार." आणि तो वाट बघत राहिला, पेन्सिल वहीवर टेकवून. तिघंही बघत राहिली.

त्या वेळी तिनं विचारायला हवं होतं: जुन्या काय? दोन शब्दांचा प्रश्न होता. पण आत्ताच तर त्यांनी तिच्या 'माहीत नाही'चा देव्हारा केला होता. पुन्हा म्हणाली असती तर आणखी एक फूल वाहिलं असतं. आणि खोटं कशाला, तिला त्या नजरा थोड्या आवडल्याही होत्या. आयुष्यभर चर्चमध्ये ती हॅलेलुयावाली, शाळेत डोंगरातली, गावात शहरातली. इथं पहिल्यांदा कुणीतरी तिला कुठली तरी म्हणत होतं.

"एकच," ती म्हणाली. "आमच्याकडे ज्याला बोलवायचं त्याचंच."

फाब्रिसियोनं लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

*

एक तारखेला सकाळी तिनं मेज मांडलं. जे टेबलावर बोलली तेच मांडलं. आता दुसरं काय होतं तिच्याकडे? पावाच्या बाहुलीला प्लास्टरचा मुखवटा लावतात, तो तिनं बाजारातून आणला नाही. दातांच्या साच्याचं प्लास्टर घरात होतंच. आईचा चेहरा तिनं बोटभर उंचीचा घडवला, वरचा ओठ थोडा आत गेलेला, कवळी घालायच्या आधीचा. तेवढं एक काम तिला येत होतं, आणि ते तिनं अगदी नीट केलं. बिअर ठेवावी की नको यावर तासभर गेला. तीस वर्षं न पिणाऱ्या बाईला मेल्यावर बिअर पाजायची? शेवटी पपईचं सरबत ठेवलं. ताटात चुन्यो, म्हणजे गारठवून सुकवलेले बटाटे, घातलेलं गरम सूप, चाइरो, जसं आईला लागायचं तसं, मांस कमी, पुदिना जास्त.

मावशी अकराला येणार होती. बाराला जीव येतात. मधला एक तास नेल्माचा होता: मावशी बघेल, नाक मुरडेल, दोन शब्द टाकून बोलेल आणि चुकलेलं नीट करेल. मनातल्या मनात तिनं त्या तासावरच सगळं सोडलं होतं.

अकराला मावशी आली नाही. साडेअकराला फोन लागला. महामार्गावर रस्ता अडवलाय, पाण्यासाठी. दगड टाकलेत, बस उभी आहे. "मी चालत येते," मावशी म्हणाली. त्र्याहत्तर वर्षांची बाई.

बारा वाजले. चौकातल्या कॅथलिक चर्चच्या घंटा झाल्या, आईच्या चर्चमधल्या शेजाऱ्यांनी मुद्दाम रेडिओ मोठा केला. नेल्मानं मेणबत्त्या लावल्या आणि हात जोडून उभी राहिली, कारण पुढे काय म्हणायचं तेही तिला माहीत नव्हतं. "ये, आई," ती म्हणाली.

बारा वीसला मावशी दारात. टोपी धुळीनं पांढरी, स्कर्टचे सगळे घोळ चिखलानं माखलेले. तिनं आधी टोपी काढली, मग मेजाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहुलीच्या चेहऱ्याशी तिची नजर अडली आणि हनुवटी हलली.

"हे कुणी केलं?"

"मी, मावशी."

"तीच आहे." मावशी जवळ गेली. ऊस, शिडी, कांद्याचा देठ, एकेकावर नजर ठेवत गेली आणि मान हलवत गेली. नेल्माचा श्वास मोकळा होत आला. मग मावशी ताटापाशी थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मेजाखालीसुद्धा पाहिलं.

"बाबांचं कुठाय?"

"कुठल्या बाबांचं?"

"माझ्या बाबांचं! तुझ्या आजाचं. अगं, नवा जीव एकटा येतो होय? तिला वाट माहितेय? जुने हात धरून आणतात. बाबाच आणणार तिला, दुसरं कोण आहे आमचं वर?"

"एक मिनिट, मावशी, सूप आहे अजून, आत्ता वाढते..." नेल्मा स्वयंपाकघराकडे वळली. मावशीनं तिचं मनगट धरलं. चालून चालून दमलेल्या बाईच्या हातात इतका जोर कुठून आला देव जाणे.

"बारा वाजून गेले. बसलेत ते. आता उद्या बारापर्यंत हात लावायचा नाही."

"पण नुसतं एक ताट..."

"जेवणाऱ्याच्या पुढ्यात हात घालतेस? उठून जातील. आणि मग परत येत नाहीत."

सुपाची वाफ आता कमी झाली होती.

"मग काय होईल?" नेल्मानं विचारलं.

मावशी मेजासमोरच्या खुर्चीत बसली. गुडघे चोळले. "काय होणार? तीस वर्षांचा भुकेला माणूस आहे. तो जेवेल. आणि ती उभी राहील. बापाच्या आधी घास घेणार नाही ती. एवढ्या एका बाबतीत त्या चर्चनं तिचं काही बिघडवलं नव्हतं."

"आईनं मला सांगितलं होतं, मावशी. तिच्यासाठी मांड म्हणाली होती."

"मांडलंस ना."

"चुकलं माझं."

"चुकलं," मावशी म्हणाली. रागानं नाही. डॉक्टर हाड मोडलंय सांगतो तसं.

चारच्या सुमारास टेबलावरची मंडळी आली, हात धुतलेली, कपडे इस्त्रीचे. मिर्थानं फुलं आणली होती आणि एकदाही विनोद केला नाही. रेनेनी नेल्माला जवळ घेतलं. फाब्रिसियो मेजापुढे गुडघे टेकून आयमारात प्रार्थना म्हणाला, सबंध, न अडखळता, आणि मावशीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. "हा गोरा कुठून आणलास?" ती नेल्माला म्हणाली आणि मग त्याच्याशीच बोलायला लागली, तिच्या भाषेत. तो उत्तर देत होता. नेल्माला मध्येच एक शब्द कळायचा: बाप, ताट, वाट. मग फाब्रिसियो बोलायचा थांबला. त्याचं तोंड उतरलं. तो हळूच तिच्याकडे वळला.

"त्या शनिवारी मी तेच..."

"माहितेय," नेल्मा म्हणाली.

"मला वाटलं, तुमच्याकडे..."

"माहितेय रे."

त्यानं ताटाकडे पाहिलं, मग मावशीकडे. "काहीच करता येत नाही का, मावशी?"

मावशीनं मान हलवली. रेनेंना काही समजलं नव्हतं. ते मिर्थाला कुजबुजत विचारत होते, आणि तीही खांदे उडवत होती. नेल्मानं त्यांना पाव वाटले, प्रार्थनेला आलेल्यांना द्यायचे असतात तसे. एवढं तिला चित्रफितीतून कळलं होतं. सगळे बसले. खोली लहान होती, पाच माणसांनी भरली. सुपावर चरबीचा पांढुरका थर धरायला लागला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

थोड्या वेळानं मावशी उठली आणि आपली खुर्ची मेजापासून दोन हात बाजूला ओढून भिंतीला लावली. मिर्थाला म्हणाली, "तूही सरक गं."

"काय झालं, मावशी?" नेल्मानं विचारलं. "ऊन लागतंय?"

"तिला उभं राहायला जागा नको?" मावशी म्हणाली.

आणि सगळे उठून आपापल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवू लागले.